कासिल्दाला परत नेण्याचे एकवीस दिवस

१० जुलै, बुधवार. सकाळी ६:५०. मॉन्टेव्हिडिओ (उरुग्वे), विमानतळ.

पोचलो. पोचल्या पोचल्या अपमान. कस्टमच्या बाईने बॅग उघडायला लावली आणि बुर्गोसहून आणलेली तीन मोर्सिया (डुकराचं रक्त, तांदूळ, कांदा; जगात याहून स्वच्छ सॉसेज नाही) चिमटीत धरून पिवळ्या डब्यात टाकली. मांस आणायला बंदी म्हणे. एक किलो तीनशे वीस ग्रॅम. मी घरून तोलून निघालो होतो. बाईला सांगितलं, मी एउतिमियो अर्नाइझ, वजनमापे खात्यात छत्तीस वर्षं निरीक्षक. बाई म्हणाली, पुढचा कोण.

हेतू आधी लिहून ठेवतो. मुलीला परत न्यायचं. कासिल्दा सहा वर्षांपूर्वी स्पेन सोडून या गावी आली आणि इथल्याच एका फाब्रिसियोशी लग्न करून बसली. बायको फेलिसा जाऊन दोन वर्षं झाली. घर मोठं आहे. कासिल्दाच्या खोलीला मी नवा रंग दिलाय. ओळखीच्या सेव्हेरिनोच्या औषधाच्या दुकानात तिच्यासाठी जागा बोलून ठेवलीय. मुलगी फार्मासिस्ट आहे, तो एका पायावर तयार. फाब्रिसियोचं काय करायचं ते नंतर बघू. एकवीस दिवस हातात आहेत. खरं तर आठवडा पुरे.

त्याच दिवशी, रात्री ९.

कासिल्दाची तब्येत बघून पोटात तुटलं. अंगाने चांगली भरली आहे. मनातलं दुःख काही लोकांच्या अंगावर येतं. शिवाय सारखी हसते. ताणाचं लक्षण.

इथे हिवाळा चालू आहे. मला माहीत होतं. पण बुर्गोसच्या माणसाने दक्षिण अमेरिकेतल्या हिवाळ्याला काय घाबरायचं, म्हणून दोन सुती शर्ट आणि एक रेनकोट एवढंच आणलं. इथल्या मूर्खांनी घरात हीटिंगच केलेलं नाही. बुर्गोसमध्ये थंडी बाहेर असते. इथे ती घरात राहायला असते. भिंतीला हात लावला, हात ओला. चादर ओली. टॉवेल तर काल कोणीतरी वापरलाय अशी शंका आली. विचारलं. कासिल्दा म्हणाली, इथे सगळं असंच असतं, हवेत नदी आहे. आणि हे ती हसत सांगते.

जावयाने स्वेटर दिला. कुठल्याशा फुटबॉल क्लबचा, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा. हा मी मरेपर्यंत घालणार नाही.

११ जुलै. पहाटे ४.

स्वेटर घातला आहे.

११ जुलै, गुरुवार. संध्याकाळी.

समुद्रकाठी फिरून आलो. ही नदी आहे म्हणे. दुसरा काठ दिसत नाही, पाणी खारट, रंग भांडी विसळल्यासारखा. मी एका गृहस्थाला म्हटलं, ही नदी असेल तर मी पोप. गृहस्थाने माझा स्वेटर बघून तोंड फिरवलं. दुसऱ्या एकाने त्याच स्वेटरसाठी मला मिठी मारली. अनोळखी माणसाची मिठी, ओलसर. घरी येऊन साबणाने गळा धुतला.

रस्त्यात प्रत्येकाच्या काखेत थर्मास. तरुण, म्हातारे, पोलीस, सगळे. अख्खं शहर दवाखान्यात पेशंटला डबा पोचवायला निघालंय.

फुटपाथच्या फरश्या सुट्या आहेत. पाय पडला की खालून घाणेरडं पाणी पँटीत. सहा फरश्या मोजल्या, पैकी चार सुट्या. महापालिकेला पत्र लिहिणार.

१२ जुलै, शुक्रवार.

व्याही भेटायला आले. नाव वॉशिंग्टन. हे नाव नसून राजधानी आहे, असं मी मोकळेपणाने सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्या भावाचं नाव नेल्सन आहे. निवृत्त बस ड्रायव्हर. हात शेकोटीच्या चिमट्याएवढे. बरोबर विहीणबाई मिर्ता.

व्याही मला पहिल्या मिनिटापासून 'गाशेगो' म्हणतात, म्हणजे गालिसियाचा. मी तीनदा सांगितलं की मी बुर्गोसचा, गालिसिया चारशे किलोमीटर लांब, तिथल्या लोकांशी माझा संबंध नाही. ते म्हणाले, बरोबर आहे, गाशेगो. इथे स्पेनमधून आलेला प्रत्येक माणूस गाशेगो. गाढवापुढे वाचली गीता.

आता थर्मासचं रहस्य. तो माते नावाचा कडू काढा. भोपळ्याचं एक लहानसं भांडं, त्यात हिरवा भुसा, वर गरम पाणी, आणि एक धातूची नळी. नळी एक. माणसं पाच. वॉशिंग्टननी ओढलं, पाणी ओतून मिर्ताला दिलं, तिने ओढून परत केलं, मग फाब्रिसियो, मग माझी मुलगी. जिला मी लहानपणी शाळेच्या नळाचं पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. मग भांडं माझ्याकडे आलं. नळीचं टोक ओलं होतं.

मी प्रसंगावधान राखलं. खिशात स्पिरिटची बाटली आणि कापूस असतोच. नळी वरून खालपर्यंत नीट पुसली, दोनदा, आणि मग एक घोट घेतला. कडूजहर. सगळे गप्प झाले. प्रभाव पडलेला दिसला. स्वच्छता शब्दाने सांगून पटत नाही, करून दाखवावी लागते.

कासिल्दा तेवढ्यात स्वयंपाकघरात गेली.

१३ जुलै, शनिवार.

आज व्याह्यांच्या घरी गेलो. विहीणबाईंनी माझ्यासाठी वेगळा कप काढून ठेवला होता. चहाचा, कान तुटका, खिडकीत एकटा. बाकीचे त्यांच्या नळीवर. मला वेगळा. एका भेटीत एवढा मान माझ्या बायकोच्या माहेरीही मिळाला नव्हता.

खोलीच्या रंगाचा विषय काढला. कासिल्दा म्हणाली, छान. आणि मीठ आणायला उठली. बी पेरलं गेलं आहे.

१४ जुलै, रविवार. दुपारी १.

घरासमोरच्या रस्त्यावर आठवडी बाजार भरतो. भाज्यांच्या शेजारी जुने बूट, बुटांच्या शेजारी मासे. माशांचं पाणी बुटांत. कासिल्दाने दोन किलो संत्री घेतली. सवयीने मी खिशातला स्प्रिंगचा काटा काढला आणि पिशवी अडकवली. दोन किलो तीनशे दहा.

विक्रेता फसवत होता, पण उलटा. तो म्हणाला, वरची दोन संत्री त्याच्याकडून, मुलगी नेहमीची गिऱ्हाईक आहे. मी सांगितलं, जास्त भरलेलं माप हेसुद्धा चुकीचंच माप. नियमात प्रेमाला रकाना नाही. त्याने पिशवीतून दोन संत्री काढून घेतली. मग आणखी एक काढलं आणि काट्याकडे बोट केलं. आता बरोबर दोन किलो भरलं. मी त्याचं अभिनंदन केलं.

परत येताना कासिल्दा माझ्या चार पावलं पुढे चालत होती. घरी जाण्याची घाई असणार. या गलिच्छ बाजाराचा तिला किती उबग आलाय हे पाठीवरून दिसत होतं.

१६ जुलै.

आठवडा झाला. मुद्दा अजून थेट मांडलेला नाही. माणूस घाई केली की बिथरतो. महापालिकेला पत्र टाकलं (चार पानं). उद्या बोलणार.

१७ जुलै.

पाऊस. उशी ओली. बोललो नाही.

१९ जुलै, शुक्रवार.

जावयाबद्दल. सुतार आहे, जुनं फर्निचर दुरुस्त करतो, नखांत कायम डिंक. रात्री जेवताना कासिल्दा त्याच्या ताटातलं उचलून खाते. तो तिच्या ताटातलं. कोणी कोणाला काही म्हणत नाही. आमच्या घरी जेवताना शिस्त होती. पिन पडली तर ऐकू यायची.

आता बुर्गोसच्या घरात रेडिओ लावतो. बातम्या देणाऱ्याला मधूनमधून उत्तरही देतो. आवाजाची सवय मोडू नये म्हणून.

२१ जुलै, रविवार. रात्री ८. महत्त्वाचा दिवस.

व्याह्यांच्या परसात मांस भाजायचा बेत. नऊ माणसं. सकाळी अकराला पेटवलं, दोन वाजले तरी ताटात काही नाही. पद्धत अशी: लाकडं एका बाजूला लोखंडी टोपलीत जळतात, त्यांचे निखारे थोडे थोडे ओढून जाळीखाली पसरायचे, आणि तास तास मांसाकडे बघत उभं राहायचं. वॉशिंग्टन चिमटा हातात धरून उभे. दुसरं कोणी जवळ जात नाही. त्यांचा सख्खा मुलगासुद्धा दोन हात लांबून बोलतो.

आधी त्यांनी मला एक काळं सॉसेज कापून दिलं. मोर्सिया, ते म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं. तोंडात घातलं. आत मनुका होत्या. आणि संत्र्याची साल. आणि साखर. रक्तात साखर. मी बुर्गोसमध्ये जन्मलेला माणूस आहे. रुमालात काढून खिशात ठेवलं. खिसा अजून चिकट आहे.

अडीच वाजता वॉशिंग्टन वाईन आणायला आत गेले. मी जाळीपाशी जाऊन पाहिलं. मांसाच्या खाली जाळच नाही. नुसती राख आणि चार लाल खडे. नऊ माणसं उपाशी आणि एकालाही विस्तवाची अक्कल नाही. चिमटा उचलला आणि टोपलीतली पेटती लाकडं सगळी जाळीखाली ढकलली. चरबी पेटली. जाळ माझ्या भुवयांपर्यंत आला, उजवी भुवई थोडी गेली आहे. पण दहा मिनिटांत सगळं शिजलं. वरून. आतून थोडं कच्चं होतं, तो मांसाचा दोष.

वॉशिंग्टन बाटली घेऊन दारात आले आणि तिथेच थांबले. कासिल्दा धावत त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्या दंडाला धरून हळू आवाजात काहीतरी सांगत राहिली. माझी बाजू मांडत असावी.

मग पिझ्झा मागवला. इथे रिवाज आहे, जेवायला बसलं की भाजणाऱ्यासाठी सगळे टाळ्या वाजवतात. विहीणबाईंनी हात वर केले, पण वॉशिंग्टननी त्यांना थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आजच्या टाळ्या गाशेगोला."

सगळ्यांनी वाजवल्या. त्यांचा भाऊ नेल्सन तर उभा राहिला, वाजवता वाजवता त्याला खोकला आला. मी मान लववून स्वीकार केला. गुणाला किंमत मिळायला अकरा दिवस लागले, पण मिळाली. कासिल्दा मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ताटात बघत होती. भारावली असणार.

आता लोखंड तापलं आहे. या आठवड्यात घाव घालायचा.

२४ जुलै, बुधवार. दुपारी ४.

घाव घातला.

फाब्रिसियो कामावर होता. कासिल्दाला समोर बसवलं आणि मुद्देसूद मांडलं: खोली, रंग (फिकट निळा), सेव्हेरिनोचं दुकान, स्टेशनपासूनचं अंतर, हीटिंग. म्हटलं, झालं ते झालं, तरुणपणी माणूस कोणाच्या तरी नादी लागून परदेशात जातो, मी एका शब्दाने बोलणार नाही.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मी फाब्रिसियोच्या नादी लागून आले नाही. तो मला इथे आल्यावर वर्षाने भेटला."

मी विचारलं, मग आलीस कशाला.

"दर शनिवारी तुम्ही जेवायच्या टेबलावर पाव तोलायचात. दहा ग्रॅम कमी भरला की आईला तो घेऊन परत बेकरीत पाठवायचात. आई माझा हात धरून निघायची आणि कोपऱ्यावर थांबायची. तिला आत जाववायचं नाही. मग मी जायचे. मी आठ वर्षांची होते. बेकरीवाली बाई मला बघितलं की बिचारी म्हणायची आणि खाऊ द्यायची. तो मी रस्त्यात संपवायचे, तुम्ही तोलाल म्हणून."

मी म्हटलं, पाव खरोखरच कमी भरायचा.

"हो, भरायचा," ती म्हणाली. "इथलं तिकीट आईने काढून दिलं मला. शिवणकामाच्या पैशांतून. म्हणाली, लांबचं गाव बघ. बाबांना रविवारी उठून येता येणार नाही एवढं लांबचं."

मग तिने माझ्यासाठी चहा केला. कान तुटक्या कपात. तो कप विहीणबाईंनी इकडे पाठवून दिलाय.

त्याच दिवशी, रात्री.

त्या काळी चारशे ग्रॅमच्या पावाला वीस ग्रॅमची सूट होती. दहा ग्रॅम म्हणजे नियमात बसत होतं. हे मला माहीत होतं.

फेलिसा शिवणकाम करायची हे माहीत नव्हतं.

२५ जुलै.

नीट विचार केला. कासिल्दा थकलेली आहे, हवेत दमटपणा फार. कायमचं येणं हा विषय तूर्त बाजूला. सुधारित योजना: तिने दरवर्षी उन्हाळ्याचे दोन महिने बुर्गोसला यावं. नाही म्हणणं शक्य नाही.

२६ जुलै.

म्हणाली.

सुधारित योजना: ख्रिसमसला आठ दिवस.

२७ जुलै, शनिवार.

ख्रिसमसला इथे उन्हाळा, सगळे मिळून किनाऱ्यावर जातात, वॉशिंग्टननी घर आधीच घेतलंय. सुधारित योजना: आठवड्यातून एकदा फोन. याला ती लगेच हो म्हणाली. मग म्हणाली, बाबा, तो आत्ताही करते की. दर गुरुवारी. तुम्ही दोन मिनिटांत बिल वाढतंय म्हणून ठेवून देता.

शहराबद्दल: गटारं तुंबली आहेत. कुत्रे माणसांपेक्षा जास्त. पावाला चव नाही. वजन बघितलं नाही.

२९ जुलै, सोमवार. सकाळी.

रात्रभर विचार केला आणि मोठं मन केलं. ती येऊ शकत नसेल तर मी राहायला तयार आहे. अर्थात मी स्वतः सुचवणार नाही, शोभत नाही. ते आग्रह करतील. मी आधी नाही म्हणेन, दुसऱ्यांदा विचार करतो म्हणेन, तिसऱ्यांदा मान्य. अटी लिहून ठेवल्या आहेत: १. खोलीत हीटर. २. स्वतंत्र टॉवेल. ३. व्याह्यांनी मला बुर्गोसचा म्हणावं. ४. कोणी रक्तात साखर घालू नये. तिसरी सोडायला हरकत नाही.

रात्री. आज महिन्याची एकोणतीस; इथला रिवाज, दर महिन्याच्या या तारखेला सगळं गाव बटाट्याचे चिकट गोळे खातं. गोंदासारखे लागतात. दोनदा घेतले. जेवताना मी म्हणालो की बुर्गोसमध्ये आता माझी वाट बघणारं तसं कोणी नाही. फाब्रिसियोने कासिल्दाकडे बघितलं. कासिल्दाने मला आणखी सॉस वाढला.

३० जुलै, मंगळवार.

दिवसभर घरीच राहिलो, विचारायला सोपं जावं म्हणून. स्वयंपाकघरात बसलो. कासिल्दाने माझे दोन्ही शर्ट इस्त्री केले. मी म्हणालो, दमटपणाची सवय होते म्हणा माणसाला. ती म्हणाली, होते. मी म्हणालो, तिकिटाची तारीख बदलता येते असं ऐकलंय. ती म्हणाली तिने सीट नंबरसुद्धा घेऊन ठेवलाय, खिडकीची, मला आवडते म्हणून. बॅग भरून दिली. बॅग तोलली नाही.

उद्या विमानतळावर विचारतील. अशा गोष्टी माणसं शेवटच्या क्षणीच बोलतात. दुसरी अटही सोडायला तयार आहे.

३१ जुलै, बुधवार. दुपारी ३:१५. विमान.

सगळे आले होते. व्याह्यांनी गाडी चालवली, विहीणबाईंनी वाटेत खायला काही बांधून दिलं, जावयाने बॅग उचलली. कासिल्दाने मिठी मारली, बराच वेळ सोडली नाही. खांद्यापाशी माझा शर्ट ओला झाला. मी वाट बघितली. मग वॉशिंग्टन पुढे आले, मला वाटलं, हेच विचारतील, शेवटी वडीलधारे आहेत. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सांभाळून जा, गाशेगो."

मी हळूहळू चाललो. दारापाशी तीनदा वळून पाहिलं. ते चौघंही अजून उभे होते, हात हलवत होते. कासिल्दा रडत होती आणि हात हलवत होती. मागचा माणूस म्हणाला, काका, पुढे चला.

एकाने जरी राहा म्हटलं असतं तर मी अट घातली नसती, एकही. पहिल्यांदा नाहीसुद्धा म्हणालो नसतो.

कोणी म्हटलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही म्हटलं नसतं.